उणे अडतीस टक्के

अनिता नोकरी कसली करते, असं वराळ्यात तिच्या शेजारणींना विचारलं तर त्या हसून सांगत, "कॉम्प्युटरात दगड पाडते." थट्टा होती, पण खोटं त्यात काही नव्हतं. दगडांच्या आधी ती फ्रीज पाडायची, मोबाइलचे खोके पाडायची, गाडीचे बंपर भिंतीवर आपटायची. खरी वस्तू फुटू नये म्हणून आधी खोटी फोडून बघायची, हा तिचा अकरा वर्षांचा उद्योग.

माहेर भाजे गावाचं. वडील नथू रेल्वेत होते, घाटातल्या डोंगर गँगवर. पावसाळा तोंडावर आला की ही माणसं खंडाळ्याच्या कड्यांवरून दोराला लटकत, सुटलेले दगड हुडकत आणि रुळांवर गाडी नसताना ते पहारीनं खाली लोटून देत. कुठला दगड सुटलाय हे डोळ्यांना दिसत नाही. नथू पहारीच्या टोकानं ठोका द्यायचे आणि कान लावायचे. घट्ट दगड खणकन बोलतो, बोलणं क्षणभर रेंगाळतं. सुटलेला दगड भद्द करतो आणि गप्प होतो.

"आवाज खाल्ला बग त्यानं," नथू लेकीला सांगायचे. "असल्या धोंड्याखालनं जायचं न्हाई, पोरी. शाळंला उशीर झाला तरी चालंल."

एकतीस वर्षं ठोके ऐकून नथूंचा उजवा कान गेला. लेक मात्र शिकली, पुण्यात इंजिनिअर झाली, वराळ्याच्या आदिनाथला दिली. आदिनाथ कारखान्यात पाळीवर जायचा. अनिता तळेगाव स्टेशनाजवळच्या प्रदीप सरांच्या लहानशा ऑफिसात लागली आणि तिथंच रमली. आठवड्यातले तीन दिवस घरून काम. सकाळी देवपूजा, सासूबाईंचा चहा, आदिनाथचा डबा, आणि मग जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. तुळशीला पाणी घालून आल्याशिवाय तिनं कधी रन लावला नाही. रन म्हणजे कॉम्प्युटरला हिशोबाला बसवणं.

तो हिशोब ऐकणाऱ्याला गंमतच वाटते. कॉम्प्युटर काळाचे इतके बारीक तुकडे करतो की पापणी लवेपर्यंत लाखभर सरतात. वस्तू ज्या ठिपक्यांनी बांधलेली असते त्या प्रत्येक गाठीवर एकेका तुकड्यात किती जोर आला, ती किती सरकली, हे मांडत मांडत तो पुढं जातो. शेवटी एक ओळ देतो, एनर्जी एरर, इतके टक्के. दगड जितका जोर घेऊन आला तितका कुठं ना कुठं सापडायला हवा. थोडा दोर ताणण्यात, थोडा खांब वाकवण्यात, उरलेला जे अजून हलतंय त्यात. कमी सापडला तर ओळ उणे येते. जास्त सापडला तर अधिक येते, आणि अधिकाला सगळे भितात. कुणी न घातलेलं आलं कुठून?

यात एक गोम आहे. टांगलेली जाळी झोपाळ्यासारखी हेलकावत राहते आणि कॉम्प्युटरात तिला थांबवायला वारा नाही की घासणं नाही. म्हणून डॅम्पिंग घालायचं. डॅम्पिंग म्हणजे एक आकडा, जो हलणाऱ्या वस्तूचा वेग थोडा थोडा खात राहतो आणि तिला निववतो. त्यांचा प्रोग्राम डॅम्पिंगनं खाल्लेलं कुठं मांडतच नसे. साहजिकच डॅम्पिंग असलं की ती ओळ उणे येणार, हे ठरलेलं. प्रदीप सरांनी अनिताला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. ऑफिसात त्यासाठी एक वाक्यच तयार होतं. ते जुन्या रिपोर्टातून उचलायचं आणि नव्यात चिकटवायचं. "डॅम्पिंगमुळे ऊर्जेची चूक उणे असून ती स्वीकारार्ह आहे." उणे वीस असो की उणे साठ, वाक्य तेच.

गेल्या एप्रिलात अनितानं ते वाक्य उंबरवाडीच्या रिपोर्टात चिकटवलं. त्या रिपोर्टातली ओळ होती उणे अडतीस.

उंबरवाडी भाज्याच्या मागच्या अंगाला, कड्याच्या पायथ्याशी. नऊ घरं, सगळी ठाकरांची. वर कड्याच्या ओठावर बसलेल्या म्हशीएवढा एक धोंडा. वाडीतले लोक त्याला म्हसधोंडाच म्हणत. दोन वर्षं त्याच्या धाकानं माणसं चार-चार महिने खालच्या टेपावरच्या, म्हणजे टेकाडावरच्या, शाळेत राहिली होती. शेवटी एका ठेकेदाराला काम मिळालं, कड्याखाली लोखंडी खांब रोवून तारेची जाळी लावायची. म्हसधोंडा सुटलाच तर ही जाळी त्याला धरेल का, हे अनितानं सांगायचं होतं. तिच्या कॉम्प्युटरात जाळीनं धोंडा धरला. मे महिन्यात जाळी उभी राहिली, नारळ फुटला, अनितालाही बोलावणं होतं. तेव्हा शिदू ठाकराच्या बायकोनं, बायानं, तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "खरं सांग, माय. पावसाळ्यात हितं निजावं का?"

आणि अनितानं जाळीवर हात ठेवून सांगितलं होतं, "निवांत झोपा, मावशी."

जुलैच्या मध्यावर ठेकेदाराला दुसऱ्या एका जागेसाठी असाच रिपोर्ट हवा झाला. अनितानं नव्यानं मांडणी करायच्या ऐवजी उंबरवाडीची फाइल उघडली. अकरा वाजले असतील. बाहेर पाऊस नव्हता, पण धुकं इतकं की समोरच्या इमारतीची नुसती गच्ची दिसत होती, आणि तीही अधांतरी. सासूबाई, शालूबाई, शेजारच्या खुर्चीवर मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसल्या होत्या. स्क्रीनवर कड्यावरून धोंडा सुटला आणि खाली येऊ लागला.

"अगं अनिता."

"काय, आई?"

"त्या धोंड्याला कुणी धरलंय?"

अनिता हसली. "त्याला कोण धरणार? मोकळा पडतोय तो."

"मोकळा असा पडतोय व्हय? आमच्या अंगणात नारळ पडायचे, ते खाली येताना अंगात आल्यागत येत. ह्यो तर देवळात पालखी उतरवतात तसा येतोय. खालनं हात दिलाय कुणीतरी."

"हळू लावलंय मी, आई, बघता यावं म्हणून."

"बरं बाई. तू शिकलेली," म्हणत शालूबाईंनी वात तळहातावर घोळली.

पण अनितानं धोंडा परत वर नेला आणि सोडला. मग पुन्हा. चौथ्या वेळेला तिनं हसणं थांबवलं होतं. धोंडा तीस मीटर खाली येत होता. तिथं पोचेस्तोवर त्याचा वेग सेकंदाला चोवीस मीटरच्या पुढं जायला हवा. शाळेतल्या पोरालाही तो काढता येतो. तिनं धोंड्याच्या वेगाचा आलेख उघडला. जाळीला टेकताना एकोणीस. वर धुकंसुद्धा नसलेली रिकामी जागा, खाली जाळी, आणि मधल्या मोकळ्या हवेत कुणीतरी त्या दीड टनाच्या धोंड्याला सावकाश, मायेनं खाली आणत होतं. शालूबाईंना जे दिसलं ते होतंच तिथं. तो हात तिनंच ठेवला होता.

डॅम्पिंग धोंडा सोडण्याआधी, टांगलेली जाळी निवेपर्यंतच हवं होतं. तेवढा वेळ झाला की बंद. बंद व्हायची वेळ लिहायला एक चौकट असते. ती रिकामी सोडली तर प्रोग्राम समजतो, शेवटपर्यंत चालू ठेवा. अनितानं ती मांडणी फ्रीजच्या एका जुन्या फाइलीवरून उचलली होती. तिथं शेवटपर्यंतच हवं होतं, म्हणून चौकट रिकामीच होती, आणि ते तिथं बरोबर होतं. शिवाय डॅम्पिंग जाळीपुरतं न लावता सगळ्यालाच लावलेलं, धोंड्यालासुद्धा. जाळीनं धोंडा धरला तो धोंडा अर्धमेला होऊन आला म्हणून.

तिनं वही ओढली आणि डॅम्पिंगनं नेमकं किती खाल्लं ते हातानं काढलं. हे काम प्रोग्राम करत नव्हता, आणि अकरा वर्षांत ऑफिसात कुणीही केलं नव्हतं. पडतापडता अडतीस टक्के गेले होते. जाळीत शिरल्यावर आणखी पाच. म्हणजे त्रेचाळीस. तिनं पुन्हा काढलं. त्रेचाळीसच आले.

ओळ मात्र उणे अडतीस दाखवत होती.

त्रेचाळीस खाल्ले आणि अडतीसच कमी पडले, तर मधले पाच कुणी घातले? उण्याच्या आडोशाला अधिक लपून बसलं होतं. अधिकाची ओळ नुसती आली असती तर ती दचकून उठली असती. पण उण्याचा खड्डा एवढा मोठा होता की त्यात कुणी काय टाकलं ते दिसलंच नाही. शोधता शोधता दुपार झाली, तेव्हा जाळीच्या वरच्या कोपऱ्यात तिला ते सापडलं. दोन दोर एकमेकांच्या आत शिरले होते, खऱ्या जगात शिरूच शकणार नाहीत असे. आणि प्रोग्राम त्यांना वेगळं करायला ढकलत होता, ढकलत होता, ढकलतच होता. कुणी न घातलेला जोर तिथून झिरपत होता.

तिनं दोर नीट केले. डॅम्पिंग फक्त जाळीला ठेवलं, बंद व्हायची वेळ लिहिली आणि रन लावला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तो संपला. ओळ आली उणे एक पूर्णांक दोन. कधी नव्हे इतकी स्वच्छ.

धोंडा सुटला. आता तो अंगात आल्यासारखा आला. जाळी पोटासारखी फुगली, वरचा दोर तटकन तुटला, आणि धोंडा पलीकडे गेला. तिथून पुढं जे झालं ते अनिता कितीतरी वेळ बघत राहिली. खाली जमीन तिनं दिलीच नव्हती. जाळी धरणार म्हटल्यावर जमीन कशाला लागते? घरं नाहीत, माती नाही, काहीच नाही. धोंडा त्या पांढऱ्या पोकळीत पडतच राहिला, लहान होत होत, ठिपका होईपर्यंत. कुठं आदळला नाही. आवाज तर त्या यंत्रात मुळातच नव्हता.

प्रदीप सरांना फोन लावला तर ते आधी समजूत घालू लागले.

"अनिता, डॅम्पिंग वापरलं की उणे येणारच. मीच शिकवलंय ना तुला?"

"सर, उणे यावं हे खरं. पण कुणाचं गेलं ते आपण कधी विचारलंच नाही. जाळीचं हेलकावणं गेलं असतं तर ठीक होतं. इथं धोंड्याचंच गेलंय."

"खऱ्या जगातही थोडं डॅम्पिंग असतंच की."

"हवेत पडणाऱ्या धोंड्याला? सर, मी व्हिडिओ पाठवलाय. फक्त बघा."

पलीकडे माउसची टिकटिक ऐकू आली. मग सर म्हणाले, "दोर तुटला."

"हो."

"सही माझी आहे," सर म्हणाले. "पत्र काढतो. आत्ताच काढतो."

पत्र निघालं, हे सरांच्या नावावर लिहायला हवं. ठेकेदाराचं उत्तरही तासाभरात आलं. पाऊस संपल्यावर दुसरी जाळी लावून घेऊ, आत्ता कड्यावर माणूस चढवता येत नाही. त्याचंही चूक म्हणता येईना. त्यानं पंचायतीला कळवलं, तिथून वाडीला निरोप जाईल म्हणाले. पण निरोप येईतो उंबरवाडीत नऊ घरं अनिताच्या शब्दावर निवांत झोपत होती. तिनं देवापुढं निरांजन लावलं, शालूबाईंना सगळं सांगितलं आणि निघाली.

"मी येऊ का?" शालूबाईंनी विचारलं.

"नको, आई. चिखल आहे."

"मग तुझ्या आबांना घेऊन जा. तुझ्या आकड्यापरीस त्यांची पहार लोकांना लवकर पटंल."

भाज्याला नथू ओट्यावरच बसले होते. लेकीचं बोलणं त्यांनी डावा कान पुढं करून ऐकलं. आत गेले आणि माळ्यावरून पहार काढून आणली.

वाडीला पोचले तेव्हा दोन वाजत होते. धुकं खाली उतरलं होतं, घरांच्या छपरांची पाखी तेवढी दिसत होती. जाळी दिसायच्या आधी ऐकू आली. तारांवरून पाणी ठिबकत होतं, शेकडो ठिकाणी, निरनिराळ्या वेळी, जसं कुणी कुजबुजत असावं. शिदू पुढं झाला.

"या या, ताई! जाळी बगाया आला व्हय? लय भारी हाय बगा. रोज गोळा करती."

"काय गोळा करते?"

"खडी. सकाळी बगावं तर जाळीत मूठ-दोन मूठ पडल्याली असती. पर येताना कुनी ऐकलं न्हाई. कुतरीबी भुकत न्हाईत. नुसती बसून वर बगत्यात."

नथू जाळीशी गेले, आत हात घालून मूठभर खडी काढली आणि हातावर पसरली. अनितानं वाकून पाहिलं. चार दिवस धुक्यात भिजलेल्या त्या डोंगरात सगळं काळंभोर आणि ओलं होतं. खडी फिकी होती, ताजी मोडलेली. आणि नथूंनी त्यातला एक मोठा खडा दोन बोटांत मोडला, तर तो आतून कोरडा.

"आज फुटल्याली हाय," नथू हळूच म्हणाले. "शिदू, पायवाट कुटनं जाती वर?"

बाजूच्या नाळेतून, कड्यातल्या अरुंद घळीतून, तिघं चढले. वर तर हात लांब केला की बोटं दिसेनाशी होत. म्हसधोंडा एकाएकी समोर आला, खरोखरच पाय दुमडून बसलेलं जनावर वाटावं असा, पाठीवर शेवाळ. नथूंनी पायानं चाचपून उभं राहायला जागा केली आणि पहारीचा ठोका दिला.

काहीच नाही. भद्दसुद्धा नाही. अनिताला वाटलं, पहार लागलीच नाही की काय. नथूंनी पुन्हा मारलं, जोरात. लोखंड दगडावर आपटलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं आणि तरी तो ठोका तिच्यापर्यंत आला नाही. धोंड्यानं तो आतल्या आत गिळला.

"मला न्हाई ऐकू येत, म्हातारा झालो," नथू म्हणाले. "तू हात लाव. मी मारतो."

तिनं शेवाळावर तळवा टेकला. थंड होतं. नथूंनी ठोका दिला. तळव्याखाली काही हललं नाही. ठोका थांबल्यावर मात्र, दोन श्वासांनी, आत खोलवर काहीतरी अगदी बारीक करकरलं, झोपेत कुणी दात खावेत तसं. अनितानं हात ओढून घेतला.

"कळलं?" नथूंनी विचारलं.

"हो, आबा."

"एकतीस वर्सांत असं दोनदा लागलं मला. दोन्ही वेळंला दुसरा दिस न्हाई उजाडला." शिदूकडं वळून ते म्हणाले, "हिचं खरं हाय, शिदबा. चला खाली."

खाली बायाच्या ओट्यावर माणसं जमली. अनितानं उभं राहूनच सांगितलं. आकडे सांगितले नाहीत. जाळी धरणार नाही, एवढंच सांगितलं.

"अवो, पर मे म्हयन्यात कॉम्प्युटरनं पास केलीती की," एक जण म्हणाला.

"आता नापास केली व्हय?" दुसरा म्हणाला, आणि दोघं-चौघं हसले. "शाळंत ढेकणं लय हायेत, ताई. तुमीबी या ऱ्हायला."

बाया हसली नाही. ती पन्नाशीची, वाळकी बाई. दारात चौकटीला धरून उभी होती. "तू बोलली हुतीस, निवांत झोपा."

"हो, मावशी."

"जाळीला हात लावून बोलली हुतीस."

"चुकले मी. धोंडा हळू पडेल असं धरून मी गणित केलं. तो हळू पडणार नाही. हे आधीच दिसायला पाहिजे होतं, मी बघितलं नाही. कॉम्प्युटरनं नाही, मावशी, मी सांगितलं होतं तुम्हाला. आता मीच सांगते, उठा."

जाळीवरून पाणी ठिबकत राहिलं. एक कुत्रं उठलं, अंग झाडलं आणि टेपाच्या वाटेला लागलं. मागोमाग दुसरं. बायानं त्यांच्याकडं पाहिलं आणि आत गेली. बाहेर आली ती डोक्याएवढी टोपली घेऊन. टोपलीत तांदळावर देवाचे टाक, वर हळदीचं फडकं.

"घर सोडताना देव म्होरं जात्यात आमचं," ती अनिताला म्हणाली. "ज्यानं उठवलं त्यानं न्यायचं. आन नेनाऱ्यानं मागं बगायचं न्हाई. मागं बगितलं तर देव परत घरात जात्यात, आन त्यांच्या मागं मानसं."

"मी? मी तुमच्यातली नाही, मावशी."

"उठवलं कुनी?"

अनितानं पायातल्या चपला काढल्या आणि टोपली डोक्यावर घेतली. वाटलं त्यापेक्षा ती जड होती. नऊ घरांत धावपळ झाली. पोरं काखेत आली, शेरडांचे दोर सुटले, कुणी गोधड्या घेतल्या, कुणी नुसताच हंडा. दहा-पंधरा मिनिटांत रांग लागली आणि अनिता पुढं चालू लागली. नथू तिच्या बाजूनं, पहार काठीसारखी टेकत.

शाळा तिथून सात-आठशे पावलं. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं, आणि मागं तर बघायचंच नव्हतं. पावलांचे आवाज येत होते, शेरडांची मिणमिण येत होती. मग वाट एका वळणावर घसरगुंडीची झाली आणि मागचे आवाज विरळ झाले. तिला वाटलं, अर्धी रांग परत फिरली. मग वाटलं, पाऊण. शेवटी एकच पाऊल ऐकू येऊ लागलं, आणि ते तिचं स्वतःचंही असू शकत होतं. मान वळवावी असं इतकं वाटलं की मानेच्या शिरा दुखू लागल्या. तोंडानं ती देवाचं नाव घेत राहिली आणि पाय उचलत राहिली.

"आबा, येतायत ना सगळे?"

नथू तिच्या डाव्या हाताला होते, त्यांचा बंद कान तिच्याकडं. त्यांना ऐकू गेलं नाही.

शाळेच्या पायरीला तिचा अंगठा ठेचला तेव्हा तिला कळलं की पोचलो. ती वर चढली, व्हरांड्यात भिंतीशी गुडघे टेकले आणि टोपली खाली ठेवू लागली. टोपलीचं बूड फरशीला लागायच्या आत फरशीनं तिच्या गुडघ्यांना एक धक्का दिला. आवाज नाही. टाक मात्र तांदळात किणकिणले. पायरीवर बसलेल्या नथूंनी दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. त्यांचे ओठ हलत होते, कुणी मोजावं तसे. मग ते थांबले.

"गेला," ते म्हणाले.

"जाळी?" अनितानं मोठ्यानं विचारलं.

नथूंनी नकारार्थी मान हलवली. "मधी अडला न्हाई कुटं. एकदम खाली."

ती भिंतीकडं तोंड करून तशीच बसली. टोपलीवरचा हात तिला काढवेना. मागं पायरीवर ओली पावलं वाजू लागली, एकामागून एक. शेरडू अंगाला घासून गेलं. एक पोर रडत होतं, त्याला कुणीतरी दटावत होतं. कुणाच्या तरी हातातला हंडा फरशीवर टेकला. शिदू आला, भिंतीला पाठ लावून बसला आणि आपले तळहात बघत राहिला. "आमच्या परड्याच्या अंगानं ग्येला," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "झाडं मोडल्याली ऐकली म्या." ढेकणांची थट्टा करणारा माणूस अनिताच्या शेजारी उकिडवा बसला होता आणि त्याचे दात वाजत होते.

सगळ्यात शेवटी बाया आली. तिचा श्वास वर लागला होता, पातळ गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. ती पायरीवर थांबली, व्हरांड्यातली माणसं घरवार मोजत गेली, म्हातारी माणसं, पोरं, आपली-परकी. मग दुसऱ्यांदा पहिल्यापासून.

"कोंबड्या ऱ्हाल्या," ती म्हणाली. "मानसं हायेत समदी."

तिनं वाकून टोपली अनिताच्या हाताखालून काढून घेतली, फडकं सारखं केलं आणि भिंतीच्या कोनाड्यात ठेवली.

"आता बग मागं," ती म्हणाली.